पारंपरिक चित्रकला आणि व्हिडिओ गेम : 'ओकामी' व 'राजी' यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

व्हिडिओ गेम हा विषय महाविद्यालयाच्या शिक्षक-कक्षात निघतो तो बहुधा विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीच्या संदर्भात. कादंबरी, नाटक, चित्रपट यांच्याकडे आपण ज्या गांभीर्याने पाहतो, त्या गांभीर्याने या माध्यमाकडे पाहण्याची सवय आपल्याला अद्याप लागलेली नाही. चित्रपटासही एके काळी अशीच वागणूक मिळाली होती, हे येथे आठवते. प्रस्तुत लेखात दोन व्हिडिओ गेमचा विचार केला आहे. पहिला जपानमध्ये तयार झालेला 'ओकामी' (2006) आणि दुसरा पुण्यात तयार झालेला 'राजी : ॲन एन्शंट एपिक' (2020). दोन्ही खेळ ॲक्शन-ॲडव्हेंचर या प्रकारात मोडतात. म्हणजे नायक किंवा नायिका एका विस्तृत प्रदेशातून प्रवास करते, शत्रूंशी लढते, कोडी सोडवते आणि या साऱ्यातून एक कथा उलगडत जाते. दोन्ही खेळांनी आपापल्या देशातील पारंपरिक चित्रकलेचा आधार घेतला आहे. तथापि तो घेण्याची त्यांची रीत एकसारखी नाही, आणि हा भेद अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. परंपरेचे रूप घेणे आणि परंपरेचा नियम घेणे या दोन वेगळ्या गोष्टी होत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा विषय येथेच का सुचला, हे सांगणे आवश्यक वाटते. पनवेल-रोहा लोहमार्गावर हमरापूर, पेण, कासू ही स्थानके एकामागून एक येतात. कासू परिसरात राहणाऱ्या आम्हा मंडळींना गणेशमूर्तींचे कारखाने ही नित्याची बाब आहे. पेण शहर आणि हमरापूर, जोहे यांसारखी गावे वर्षातील बहुतेक महिने मूर्तींनी भरलेली असतात. माझ्या वर्गातील काही विद्यार्थी सुट्टीत या कारखान्यांत रंगकाम करतात आणि रात्री मोबाईलवर गेम खेळतात. त्यांच्या एका हातातील कुंचला आणि दुसऱ्या हातातील खेळ यांचा परस्परांशी काही संबंध असू शकतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. मलाही ते उशिराच लक्षात आले.

'ओकामी'ची जडणघडण

'ओकामी' हा खेळ कॅपकॉम या जपानी कंपनीच्या क्लोव्हर स्टुडिओ या शाखेने तयार केला. हिदेकी कामिया हे त्याचे दिग्दर्शक होते. एप्रिल 2006 मध्ये तो जपानमध्ये प्लेस्टेशन 2 या यंत्रासाठी प्रकाशित झाला. त्याचे शीर्षकच श्लेषात्मक आहे. 'ओकामी' या उच्चाराचा एक अर्थ लांडगा, तर वेगळ्या चिन्हांनी लिहिल्यास दुसरा अर्थ महान देवता. खेळाची नायिका अमातेरासू ही जपानी पुराणकथांतील सूर्यदेवता असून ती येथे शुभ्र लांडग्याच्या रूपात अवतरते. इ. स. 712 मधील 'कोजिकी' या प्राचीन ग्रंथात आलेला आठ मस्तकांचा ओरोची नाग आणि त्याच्याशी लढणारा सुसानो हेही या कथेत भेटतात, अर्थात बऱ्याच विनोदी वळणाने. खेळातील सुसानो शूर कमी आणि बढाईखोर अधिक आहे.

आज ज्या चित्रशैलीमुळे हा खेळ ओळखला जातो, ती मुळात योजलेली नव्हती. प्रारंभी निर्मात्यांना शक्य तितके वास्तवदर्शी, छायाचित्रासारखे निसर्गदृश्य उभे करायचे होते. प्लेस्टेशन 2 च्या गणनक्षमतेला तो भार पेलेना. त्याच सुमारास चित्रकार केनिचिरो योशिमुरा यांनी पारंपरिक जपानी चित्राच्या धर्तीवर लांडग्याचे एक रेखाटन केले आणि खेळाची दिशा बदलली. मर्यादेतून शैली जन्मास आल्याची उदाहरणे कलेच्या इतिहासात दुर्मीळ नाहीत. येथे मर्यादा यंत्राची होती, एवढेच.

निर्मात्यांनी आधार घेतला तो दोन परंपरांचा. पहिली 'सुमी-ए', म्हणजे शाईचित्र. काजळी आणि सरस यांपासून केलेली शाईची वडी दगडावर पाण्यात उगाळायची आणि मऊ कुंचल्याने शोषक कागदावर रेषा ओढायची, अशी ही रीत. कागद शाई तत्काळ पितो. त्यामुळे रेषा पुसता येत नाही, गिरवता येत नाही, आणि हात क्षणभर थबकला तर तेथे डाग पसरतो. कुंचल्यावरील दाब, वेग आणि ओलावा या तिन्हींची नोंद एका फटकाऱ्यात राहते. दुसरी परंपरा 'उकियो-ए' या लाकडी ठशांच्या रंगीत मुद्राचित्रांची. होकुसाई आणि हिरोशिगे यांच्या चित्रांमुळे ती जगभर परिचित झाली. ठळक काळी बाह्यरेषा आणि तिच्या आत सपाट रंग हे तिचे प्रमुख वैशिष्ट्य होय. 'ओकामी'च्या पडद्यावर या दोहोंचे मिश्रण दिसते. प्रत्येक आकृतीभोवती कमी-जास्त जाडीची शाईरेषा असून संपूर्ण दृश्यावर जुन्या कागदाचा पोत आहे. अमातेरासू धावू लागली की तिच्या पावलांमागे गवत आणि फुले उमलत जातात.

कुंचला हेच क्रियापद

येथवर जे सांगितले ते रूपाविषयी झाले. एवढ्यावरच हा खेळ थांबला असता तर तो देखणा ठरला असता, परंतु त्याविषयी स्वतंत्र लेख लिहिण्याचे प्रयोजन उरले नसते. 'ओकामी'चे खरे वेगळेपण त्यातील 'दिव्य कुंचल्या'त आहे. खेळणारा एक कळ दाबून धरतो आणि चालू असलेली सारी हालचाल स्तब्ध होते. समोरचे दृश्य रंगहीन होऊन कागदावरील चित्रासारखे सपाट होते आणि त्यावर एक कुंचला अवतरतो. आकाशात वर्तुळ काढले की सूर्य उगवतो. चंद्रकोर काढली की रात्र होते. शत्रूवरून आडवी रेष ओढली की तो कापला जातो. सुकलेल्या झाडाभोवती वर्तुळ काढले की त्याला बहर येतो. तुटलेल्या पुलाची रिकामी जागा शाईने भरली की पूल पूर्ववत होतो. अशा अनेक विद्या असून त्यांपैकी बहुतेक कुंचला-देवतांकडून एकेक करून प्राप्त होतात. शाईचा साठा मर्यादित असतो. ती संपली की भरून येईपर्यंत थांबावे लागते.

संगणकाच्या दृष्टीने येथे घडते ते फार गूढ नाही. ओढलेल्या रेषेची सुरुवात कोठे, शेवट कोठे, ती बंद आहे की उघडी, सरळ आहे की वक्र, हे तपासून प्रणाली ती ठरावीक आकारांशी ताडून पाहते आणि रेषा ज्या वस्तूवर आली त्यानुसार परिणाम घडवते. कलेच्या दृष्टीने मात्र मोठी गोष्ट घडलेली असते. व्याकरणाची भाषा वापरायची तर अन्य खेळांत चित्र हे विशेषण असते आणि धावणे, उडी मारणे, प्रहार करणे ही क्रियापदे असतात. 'ओकामी'मध्ये रेखाटणे हेच क्रियापद झाले आहे. खेळणाऱ्याला सुमी-ए शब्दाची ओळखही नसेल, तरी रेषा एका दमात ओढावी लागते, हात कापला तर ती फुकट जाते आणि शाई जपून वापरावी लागते, या तीन गोष्टी त्याचा हात शिकतो. परंपरेचा नियमच खेळाचा नियम झाला, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

या कुंचल्याचा पुढील प्रवासही बोधक आहे. मूळ यंत्रावर कुंचला अंगठ्याने फिरणाऱ्या छोट्या दांडीने चालवावा लागे. 2008 मध्ये निन्टेन्डो वी या यंत्रावर तो हवेत धरलेल्या रिमोटने चालू लागला. कागदावर वाचताना हा बदल आदर्श वाटतो, कारण आता खरोखर हात हलवायचा होता. पण हवेत टेकू नसतो आणि सरळ रेषाही वाकडी उमटते, अशी अनेकांची तक्रार झाली. 2018 मधील निन्टेन्डो स्विचच्या आवृत्तीत बोटाने थेट काचेवर रेखाटता येऊ लागले. खेळ तोच, पण साधन बदलताच रेषेचा स्वभाव बदलला. बोरू, टाक आणि बॉलपेन यांनी मोडी व देवनागरी अक्षरांचे काय केले, याचा विचार करणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकांना यात नवल वाटणार नाही.

समीक्षकांनी या खेळाचे मनःपूर्वक स्वागत केले. 2007 मध्ये ब्रिटिश अकादमीचा कलात्मक कामगिरीचा पुरस्कारही त्यास मिळाला. विक्री मात्र अपेक्षेइतकी झाली नाही, आणि खेळ प्रकाशित झाल्यावर वर्षभरातच क्लोव्हर स्टुडिओ बंद करण्यात आला. त्याच्या उत्तरकथेची घोषणा कामिया यांच्या दिग्दर्शनाखाली डिसेंबर 2024 मध्ये झाली, म्हणजे मध्ये अठरा वर्षांहून अधिक काळ गेला. उत्तम कलाकृती आपोआप बाजार मिळवते, असे मानणाऱ्यांनी हा कालावधी ध्यानात ठेवावा.

पुण्यातील 'राजी'

'राजी' हा खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने तयार केला. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयान मॉड हे तिचे संस्थापक. 2017 मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा त्यांचा प्रयत्न अयशस्वी झाला. पुढे प्रकाशक मिळाला आणि ऑगस्ट 2020 मध्ये हा खेळ निन्टेन्डो स्विचवर, तर ऑक्टोबर 2020 मध्ये संगणक व अन्य यंत्रांवर आला. त्याच वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट स्वतंत्र खेळासाठी त्यास नामांकन मिळाले. 2022 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली आणि तीत हिंदी संवादांची भर पडली.

राजी ही कसरतीचे खेळ करणाऱ्यांतली एक मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, पुढे विष्णूचे शार्ङ्ग धनुष्यही तिच्या हाती येते. दुर्गा आणि विष्णू यांच्या परस्परसंवादातून कथा निवेदन केली जाते. डोंबाऱ्याच्या मुलीसारखी ही नायिका राजकन्या नाही, देवीही नाही, हे मला विशेष वाटते. तिचा खांबाभोवती गिरकी घेऊन केलेला प्रहार किंवा भिंतीवरून धावत जाणे हे तिच्या व्यवसायातून आलेले आहे. या एका बाबतीत 'राजी'ने देहाची परंपरा नियमात उतरवली आहे, आणि ती चित्राच्या परंपरेहून अधिक समर्थपणे उतरली आहे.

चित्राच्या बाजूने पाहता, निर्मात्यांनी पहाडी लघुचित्रशैलीचा आधार घेऊन हाताने रंगवलेले पृष्ठभाग त्रिमितीय रचनेवर चढवले आहेत आणि वास्तूंसाठी राजस्थानातील मध्ययुगीन किल्ले-महालांकडे पाहिले आहे. सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांत बसोली, गुलेर, कांग्रा, चंबा आदी डोंगरी संस्थानांत बहरलेली ही चित्रशैली. पंडित सेऊचे पुत्र मानकू आणि नैनसुख हे तिचे थोर चित्रकार. खारीच्या केसांचा अतिसूक्ष्म कुंचला, घोटून गुळगुळीत केलेला कागद, किंचित उंचावरून पाहणारी दृष्टी आणि एकाच चौकटीत अनेक दृष्टिकोन सामावण्याची मुभा ही तिची लक्षणे होत. 'राजी'तील कॅमेराही खेळणाऱ्याच्या हाती नाही. तो उंचावर, ठरलेल्या जागी असतो आणि विशाल प्रांगणात राजी एवढीशी दिसते. लघुचित्रातील महालाच्या सज्जात उभ्या असलेल्या आकृतीची आठवण येथे होते. कॅमेऱ्याची ही बांधीव जागा अनेकांना अडचणीची वाटली, मला ती या खेळाची सर्वांत चित्रमय गोष्ट वाटते.

कथेचे काही भाग छायाबाहुल्यांच्या रूपात येतात. प्रवासात ठिकठिकाणी भित्तिचित्रे लागतात, राजी त्यांच्यापुढे उभी राहते आणि देवता त्यांतील पुराणकथा सांगू लागतात. काही कोडी मंडलाकार चित्रांची आहेत. विस्कटलेली वर्तुळे फिरवून चित्र जुळवायचे आणि त्यातून राजी-गोलूच्या आठवणी उजळायच्या. या कोड्यांत चित्र क्षणभर क्रियापद होते. परंतु कोडे सुटले की चित्र पुन्हा भिंतीवर जाते आणि लढाई सुरू होते. त्या लढाईचा ताल, शत्रूंच्या लाटा, त्यांना चुकवत मारलेल्या उड्या, हे सारे 'प्रिन्स ऑफ पर्शिया'सारख्या पूर्वसूरींकडून आलेले आहे. पहाडी चित्राच्या जागी तेथे दुसरी कोणतीही शैली ठेवली तरी लढाईत फरक पडणार नाही. 'ओकामी'मधून शाई काढून घेतली तर मात्र खेळच उरत नाही.

हे विधान दोषारोप म्हणून घेतले जाऊ नये. क्लोव्हरच्या मागे कॅपकॉमसारखी मोठी कंपनी होती, पुण्याच्या चमूस निधीसाठीच वर्षे खर्चावी लागली. भारतीय भूमीवरील कथा भारतीय चित्रांच्या आधाराने जागतिक यंत्रांवर नेणे, हेच त्या वेळी मोठे पाऊल होते. प्रश्न पुढच्या पावलाचा आहे.

रेषेचे आपले नाते

पुढचे पाऊल टाकण्यासाठी साधने आपल्याकडे नाहीत असे नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात रसिकांच्या निरनिराळ्या आवडी सांगताना आचार्य रेषेची वाखाणणी करतात, तर सामान्य जन रंगांच्या वैभवाची, असे नमूद आहे. जपानी कलेशी आपला संबंधही अगदीच नवा नाही. योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे चित्रकार 1903 मध्ये कलकत्त्यास आले आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांनी त्यांच्याकडे पाहून जलरंगाच्या पातळ लेपांची रीत आपलीशी केली. पुढे अराई काम्पो हे चित्रकार भारतात आले, त्यांनी कलकत्त्यात जपानी कुंचल्याचे धडे दिले आणि अजिंठ्याच्या लेण्यांत राहून तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. शाईचा कुंचला घेऊन एक जपानी चित्रकार महाराष्ट्रातील रेषा समजावून घेत होता, हे दृश्य कल्पनेने पाहण्याजोगे आहे.

महाराष्ट्रातील चित्रकथी परंपरेकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. पैठण शैलीची चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत, तर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने ही कला जिवंत ठेवली. तेथील परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पिंगुळीत चित्रकथीबरोबरच कळसूत्री आणि चामड्याच्या छायाबाहुल्यांचाही खेळ होतो. येथे 'खेळ' हा शब्द आपल्या भाषेने आधीच वापरला आहे, हे लक्षणीय होय. चित्रकथीत एकेक चित्र प्रेक्षकांपुढे धरले जाते आणि वाद्याच्या साथीने निवेदन होते. चित्र स्थिर असते, हालतो तो आवाज. सूत्रधाराने पुढचे पान केव्हा उलटावे, एखाद्या चित्रावर किती रेंगाळावे, यावर सारा रंग अवलंबून असतो. उद्या कोणी चित्रकथीवर खेळ रचणार असेल तर त्याने मोठे डोळे आणि टोकदार नाके उचलून त्रिमितीय योद्ध्यांवर चिकटवू नयेत. पान उलटण्याची वेळ खेळणाऱ्याच्या हाती द्यावी. वारली चित्रांचेही तसेच. त्रिकोण, वर्तुळ आणि चौकोन आज चहाच्या कपांपासून सोसायटीच्या भिंतींपर्यंत सर्वत्र दिसतात. पण लग्नातील चौक सवाशिणींनी लिहायचा असतो, त्यात पालघट देवी असते आणि धवलेरीच्या गाण्यावाचून तो विधी पुरा होत नाही, हा नियम कपावर उतरत नाही.

अध्यापनातील एक प्रयोग

हे विवेचन वर्गात तपासून पाहावे म्हणून मी दोन्ही खेळांचे काही भाग पडद्यावर दाखवले. 'ओकामी'तील दृश्य स्तब्ध होऊन कुंचला अवतरतो, तेथे मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उत्स्फूर्तपणे म्हणाला, "सर, हे आखणीसारखं आहे." हा विद्यार्थी हमरापूर भागातील एका कारखान्यात सुट्टीत काम करतो. मूर्तीचे डोळे रंगवण्याच्या कामास तेथे आखणी म्हणतात आणि ती करणारे हात थोडेच असतात. आखणी चालू असताना शेजारी कोणी मोठ्याने बोलत नाही, पंखाही बंद ठेवतात, असे त्याने सांगितले. मूर्तीचे बाकीचे सारे काम त्या दोन रेषांसाठी थांबलेले असते.

मग मी वर्गास एक गृहपाठ दिला. संगणक न वापरता, वहीवर, आखणीवर आधारित खेळाचे नियम लिहून आणायचे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी गुण, पातळ्या आणि शत्रू आणले. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी सुंदर डोळे काढले, नियम मात्र लिहिले नाहीत. या दोन वर्गांची वेळापत्रके वेगळी, इमारती वेगळ्या आणि अभ्यासक्रमही वेगळे. ज्याला रेषा येते त्याला प्रणाली येत नाही आणि ज्याला प्रणाली येते त्याने कुंचला हाती धरलेला नसतो. अशा स्थितीत विद्यार्थी परंपरेकडे तयार सजावट म्हणून पाहू लागले, तर त्याचा सारा दोष त्यांच्याकडे जात नाही.

मी स्वतः एक नियम फळ्यावर लिहिला होता : डोळा एकदाच काढता येईल, पुसता येणार नाही. सुमी-ए डोक्यात असल्याने तो मला फार समर्पक वाटला होता. हमरापूरच्या त्या विद्यार्थ्याने तो खोडला. आखणी चुकते, असे तो म्हणाला. चुकली की त्या जागी पुन्हा मूळ रंग देतात, तो वाळू देतात आणि डोळा नव्याने काढतात. पावसाळी हवेत रंग लवकर वाळत नाही आणि तेवढ्यात रांगेतल्या पुढच्या मूर्ती अडून राहतात. गाडी भरण्याचा दिवस ठरलेला असतो आणि चतुर्थी काही पुढे जात नाही. त्याच्या खेळात म्हणून रेषा कितीही वेळा पुसता येत होती, आणि वहीच्या पानावर डोळ्याच्या शेजारी त्याने आषाढ-श्रावणाची दिनदर्शिका आखून तीतले एकेक दिवस खोडत आणले होते.